उशिराचं कारण

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना चादरीत घालून खाली आणायचं ठरलं, तेव्हा मावशींना विचारायचं तेवढं राहून गेलं.

बाकी सगळं यथासांग झालं होतं. अंगणात सभा झाली, ठराव झाला, ठरावाला अनुमोदन मिळालं, चार माणसं नेमली गेली, चादर कुणी द्यायची यावरून भांडण झालं आणि तेही मिटलं. ज्यांना न्यायचं त्या बाई वर खिडकीत बसून ही सभा पहिल्या शब्दापासून ऐकत होत्या. कुणीतरी मान वर करून "मावशी, तुमचं काय म्हणणं?" असं विचारेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. कुणाची मान वर झाली नाही.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा त्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि तळमजल्यावर कुणी शिंकलं की तिसऱ्या मजल्यावरून "वाफ घ्या" असा सल्ला यायचा. आता तिथे लिफ्ट आहे, प्रत्येक दाराला बाहेरचा माणूस न्याहाळायचं भिंग आहे आणि शेजारचा चार दिवस तापानं फणफणला तरी कुणाला पत्ता नसतो. सुधारणा झाली, नाही कोण म्हणतो! पण तेव्हा मजा होती हो. माणसं एकमेकांच्या जिवावर उठायची ती मदत करायला.

त्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एका घराला आग लागली होती आणि त्यानंतर सगळ्या इमारतींना अग्निशमन दलाचं पत्रक आलं. त्यात एक वाक्य होतं, की ज्या रहिवाशांना जिना उतरता येत नाही त्यांना बाहेर काढायची तयारी आधीपासून करून ठेवा. इमारतीत अशा एकट्या मावशीच होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. एकतीस वर्षं त्या कुबड्यांवर तीन जिने उतरून कामाला गेल्या आणि तीन जिने चढून परत आल्या. निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत खांद्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात कुबड्या चालतील, जिना बंद. झालं! त्या दिवसापासून चार वर्षं मावशी खाली उतरल्या नव्हत्या. घरात त्या आणि त्यांची भाची. भाची ऑफिसला गेली, की मावशी आणि ती अंगणावरची खिडकी.

पत्रक आलं तेव्हा पुढाकार कुणी घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. कंट्रोलर होते ना! चौतीस वर्षं बसस्थानकात गाड्या सोडलेला माणूस. घरात जेवायला बसतानासुद्धा घड्याळ बघून "सोडा" म्हणायचे. त्यांनी एक लांब रजिस्टर आणलं आणि पट्टीनं चार रकाने आखले: फेरी क्रमांक, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, उशिराचे कारण. अंतर तीन मजले, वेळ चार मिनिटं. चार मिनिटांच्या आत फेरी आली, की सराव संपला. तोवर दर रविवारी सकाळी दहा वाजता. ठरावाच्या विरुद्ध एकच हात वर झाला. तो तळमजल्यावरच्या नाही-काकांचा होता आणि तो कुठल्याही ठरावाला वर व्हायचाच. शुभेच्छा द्यायचा ठराव आणला तरी काका म्हणणार, "नाही!"

तर त्या पहिल्या रविवारी चौघं जण चादर घेऊन वर गेले. एक सुतार, एक पोस्टमन, एक पैलवान आणि चौथे नाही-काकांचे जावई. पैलवान हे नाव त्याच्या इच्छेवरून पडलं होतं, अंगावरून नव्हे. जावई सासऱ्यांकडेच राहायचे आणि घरातून बाहेर पडायला मिळतं म्हणून कुठल्याही कामाला पुढे असायचे.

"मावशी, चला! तुम्हाला वाचवायला आलोय," पैलवान दारातूनच म्हणाला.

"कशापासून?"

"आगीपासून."

"कुठाय?"

"नाहीये. सराव आहे."

"मग चहा घ्या आणि जा."

पण खालून शिट्टी झाली होती. चौघांनी "उगीच घाबरू नका हां" म्हणत मावशींना चादरीवर घेतलं आणि चार टोकं उचलली. सुतार उंच, पोस्टमन बुटका. त्यामुळे चादरीला असा उतार आला की मावशी घसरत घसरत पोस्टमनच्या पोटाशी. पहिल्या वळणावर जावईबापूंचा पाय चादरीच्या टोकावर पडला आणि सगळी मिरवणूक भिंतीला टेकून उभी राहिली. कुणाला पुढे जाता येईना, मागे जाता येईना. तेवढ्यात चादरीतून आवाज आला. तो एक्स्चेंजमधला आवाज होता, एकतीस वर्षं मुरलेला.

"तीन मिनिटं झाली. कॉल पुढे चालू ठेवायचा, की तोडू?"

चौघांनी त्यांना तशाच परत वर नेऊन खुर्चीवर बसवलं आणि माना खाली घालून उभे राहिले.

"कपाट उचलताना तुम्ही बघता ना, कुठे धरायचं ते?" मावशी केस नीट करत म्हणाल्या. "बिचाऱ्या कपाटाला तोंड नसतं म्हणून बघावं लागतं. मला तर चांगलं तोंड आहे. विचारा की!"

"सांगा," सुतार म्हणाला. तो खाली बसला आणि त्यानं कानावरची पेन्सिल काढली.

मग मावशींनी सांगितलं. हाताची भक्कम खुर्ची हवी, दोन्ही बाजूंना दांडे ठोकून. तोंड पुढे, पाठ जरा मागे कललेली, म्हणजे पडायची भीती वाटत नाही. पट्टा कमरेला बांधायचा, छातीला नाही, श्वास कोंडतो. कुबड्या मांडीवर. "ते माझे पाय आहेत. मी पुढे आणि पाय मागून पार्सलनं, असं चालणार नाही." दाराच्या खिळ्याला एक पिशवी कायम टांगलेली, तिच्यात औषधं, बॅटरी आणि भाचीच्या ऑफिसचा नंबर. आणि पायऱ्या मावशी मोजणार, कारण त्या जिन्याची एकेक पायरी त्यांच्या खांद्यांना पाठ होती.

पुढच्या रविवारी सुतारानं बनवलेल्या खुर्चीतून मावशी खाली आल्या. अकरा मिनिटं लागली. पण ती अकरा मिनिटं कुणाला आठवत नाहीत. आठवतं ते पुढचं. खुर्ची अंगणात टेकली आणि मावशी मान वळवून वळवून चहूकडे बघायला लागल्या. चार वर्षं वरून बघितलेलं अंगण खालून वेगळंच दिसत होतं. वरून नुसते केसांचे भांग दिसणाऱ्या माणसांना इथे चेहरे होते. त्यांनी हात लांब करून नळाच्या कठड्याला बोट लावून बघितलं. पहिल्या मजल्यावरची सून कडेवरचं बाळ घेऊन आली. त्या बाळाचं रडणं मावशींना पाठ होतं, पण ते दिसतं कसं हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. चहा आला, गप्पा झाल्या, पोस्टमननं चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या एका पत्राची लांबलचक गोष्ट सांगितली. अर्ध्या तासानं कंट्रोलरांनी रजिस्टरात लाल शाईनं 'नापास' लिहिलं.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत करावं लागेल."

"परत?" मावशी म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावून त्यांनी दोनदा खोकल्यासारखं केलं. खोकला नव्हता तो. हसू होतं.

त्यानंतरच्या रविवारी सात मिनिटं लागली. त्याच्या पुढच्या रविवारी चार मिनिटं वीस सेकंद. चौघांचे हात बसले होते, पावलं जुळली होती, सुतार आणि पोस्टमननं उंचीप्रमाणे जागा बदलून घेतल्या होत्या. कंट्रोलर खूश झाले. म्हणाले, "झालंच म्हणायचं! आता पुढच्या रविवारी सराव संपतो बघा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीही वाजवल्या, दोन. त्या रात्री जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं असं भाची नंतर म्हणाली.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर आल्यावर मावशींना आठवलं, की चष्मा राहिला. मिरवणूक परत वर. चष्मा सगळ्या घरात शोधला आणि शेवटी तो मावशींच्या डोळ्यांवर सापडला. नऊ मिनिटं. त्याच्या पुढच्या रविवारी गॅस बंद केल्याची खात्री वाटेना. मग एकदा कुबडी वळणावर अडकली. एकदा उचकी लागली, आणि उचकी लागलेल्या माणसाला जिन्यावरून नेऊ नये असं मावशींनी कुठेतरी वाचलं होतं. एकदा पोस्टमनला त्यांनी नेमक्या पहिल्या मजल्यावर विचारलं, "त्या पत्राचं पुढे काय झालं हो?" पोस्टमन थांबला, खुर्ची खाली ठेवली आणि सांगायला लागला.

कंट्रोलर सगळं इमानेइतबारे लिहून घ्यायचे. 'चष्मा विसरला (विसरला नव्हता).' 'गॅसची शंका.' 'उचकी.' 'पत्र.' चौतीस वर्षांत त्यांनी पंक्चर, घाट, म्हशी, वऱ्हाड अशी उशिराची कारणं लिहिली होती. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. प्रवासी म्हटलं की उशीर आलाच. असे अकरा रविवार गेले. आणि अकराव्या रविवारी मावशींनी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

"मी काय म्हणते, कंट्रोलर," अंगणात चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "घाई अशी वाटतच नाही. धूर नाही, आरडाओरडा नाही. नुसतं लग्नाला निघाल्यासारखं वाटतं. म्हणून उशीर होतो."

कंट्रोलरांच्या डोळ्यांत चमक आली. "बरोबर आहे! पुढच्या रविवारी धुराची व्यवस्था करतो. आणि आग-आग म्हणून कुणीतरी ओरडायचं. अगदी खरं वाटलं पाहिजे."

बारावा रविवार उजाडला. बादलीत पाला भरून ती अंगणाच्या मधोमध ठेवली होती आणि पेटवायचं काम भाचीकडे दिलं होतं. पाला आदल्या दिवशी धुऊन घेतला होता. का, ते विचारू नका. कंट्रोलरांनी 'ओला पाला चांगला धूर देतो' असं सांगितलं आणि भाची मावशींच्या तालमीत वाढलेली, तिनं काम नीट केलं. पाला इतका ओला होता की त्याच्यावर कपडे वाळत घातले असते तरी ओले झाले असते. ती काडीमागून काडी ओढत होती.

दहाला पाच मिनिटं असताना कंट्रोलरांनी तयारीची शिट्टी फुंकली. तळमजल्यावर नाही-काका खाटेवर गोधडीची घडी घालून तिच्यावर सदऱ्याला इस्त्री करत होते. मुलगी बाजारात, जावई वर मावशींकडे. बारा रविवार शिट्टी ऐकून काकांचं डोकं उठलं होतं. त्यांनी हातातली इस्त्री होती तशीच, पालथी, सदऱ्यावर ठेवली आणि तरातरा खिडकीशी आले.

"ही शिट्टी बंद करा! रविवार आहे आज!"

"रविवार आहे म्हणूनच वाजवतोय," कंट्रोलर घड्याळावरची नजर न काढता म्हणाले.

"माणसानं घरात शांतपणे इस्त्रीसुद्धा करू नये का?"

"करा की! मी काय तुमच्या इस्त्रीवर शिट्टी वाजवतोय?"

"नाही, मला हे अजिबात मान्य नाही!"

"ठरावाच्या वेळीच नोंद घेतली आहे त्याची."

भांडण असं रंगात आलं आणि काकांच्या पाठीमागे सदऱ्यानंतर गोधडीनं पेट घेतला. ज्वाळा नाहीत, नुसता दाट, करडा धूर. काकांच्या घराचं दुसरं दार जिन्यात उघडायचं आणि ते वाऱ्यासाठी उघडंच होतं. धुराला रस्ता सापडला.

वर तिसऱ्या मजल्यावर सगळं नेहमीप्रमाणे चाललं होतं. मावशी खुर्चीत, पट्टा बांधलेला, कुबड्या मांडीवर. चौघं दांडे धरून तयार. आता मावशींना काहीतरी आठवणार हे त्यांना इतकं सवयीचं झालं होतं की पैलवानानं चप्पल काढूनही ठेवली होती.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "खिडकी लावायची राहिली. वारा सुटला तर? मला जरा खिडकीशी न्या."

चौघांनी खुर्ची खिडकीशी नेली. मावशींनी तावदानाला हात घातला आणि खाली बघितलं. अंगणाच्या मध्यावर बादली होती. बादलीशेजारी जळक्या काड्यांचा ढीग होता, भाची फुंकून फुंकून लाल झाली होती आणि बादलीतून धुराची एक रेषही निघत नव्हती. मग त्यांनी नाही-काकांच्या खिडकीकडे बघितलं. काका हातवारे करून भांडत होते आणि त्यांच्या दोन्ही कानांमागून धूर येत होता.

त्याच वेळी खालून दहाची शिट्टी झाली आणि जिन्यातून जळक्या कापसाचा वास घरात शिरला.

"वा!" पोस्टमन हुंगून म्हणाला. "कंट्रोलरांनी धुराचं बरीक मस्त जमवलंय."

मावशींना एका क्षणात सगळं कळलं. ही खरी आग होती. आणि त्यांना हेही कळलं, की आता रमतगमत गेलं तर या चौघांच्या जिवाला धोका, आणि घाईनं गेलं तर आपले रविवार संपले. चार मिनिटांच्या आत फेरी गेली, की पुन्हा ती खिडकी आणि पुन्हा ते केसांचे भांग. विचार करायला त्यांनी एक श्वास घेतला, बस्स.

"उचला," त्या म्हणाल्या.

"खिडकी लावायची ना?"

"खिडकी गेली खड्ड्यात. उचला!"

"पण चष्मा..." जावईबापू म्हणाले.

"डोळ्यांवर आहे."

"गॅस?"

"बंद आहे. पैलवान, चप्पल राहू दे. सुतारदादा, त्या दोरीवरचे ओले टॉवेल घ्या, एकेक नाकाला बांधा. दार ओढून घ्या. अरे बाबांनो, आग खरी आहे!"

"मावशी, तुम्ही ना!" पोस्टमन टॉवेल बांधता बांधता कौतुकानं हसला. "अगदी खऱ्यासारखं बोलता."

त्यांना पटवत बसायला वेळ नव्हता. मावशींनी आवाज लावला. "एक, दोन, तीन... नऊ, वळण. डावा खांदा भिंतीला. परत एक, दोन..." त्या आवाजात असं काही होतं की चौघांची पावलं आपोआप धावायला लागली. वाटेत प्रत्येक दारावर मावशी कुबडी आपटत होत्या. "बाहेर पडा! पोरांना घेऊन बाहेर!" पहिल्या मजल्यावर डोळ्यांना पाणी यायला लागलं. "जरा जास्तच केलं कंट्रोलरांनी," सुतार टॉवेलातून खोकला. पहिल्या मजल्यावरची सून बाळाला घेऊन पुढे धावली आणि तिच्या मागोमाग खुर्ची.

जिन्याच्या तळाशी नाही-काका समोर आले. त्यांनी नुकतंच मागे वळून बघितलं होतं. एक बाही जळालेला सदरा हातात होता.

"आग! अहो आग लागली! आग!"

"वा, काका!" पैलवान धावता धावता म्हणाला. "शेवटी आलात ना सरावाला! फक्त अजून जरा मोठ्यानं."

खुर्ची अंगणात टेकली. कंट्रोलरांनी घड्याळ दाबलं, आकडा बघितला, चष्मा पुसून परत बघितला.

"तीन मिनिटं दहा सेकंद!"

अंगणात असा टाळ्यांचा कडकडाट झाला की विचारू नका. पैलवानानं जावईबापूंना मिठी मारली. त्या गर्दीत नाही-काका सगळ्यांचे हात धरधरून "अहो खरंच! अहो देवाशपथ!" असं सांगत होते आणि जो तो त्यांची पाठ थोपटत होता. जन्मभर नाही म्हटलेल्या माणसाचं खरं कोण धरतो!

"लाइन मोकळी करा!"

मावशींचा तो आवाज एकतीस वर्षांत कुणी ऐकला नसेल इतका मोठा होता. टाळ्या थांबल्या.

"सुतारदादा, मीटरच्या खोलीत जा आणि आधी मेन स्विच बंद करा. आधी स्विच, मग पाणी. पोस्टमन, नळाखाली बादल्या. पैलवान, तू रस्त्यावर पळ आणि टेलिफोन कर, आगीचा बंब सांग. जावईबापू, तुम्ही सासऱ्यांना धरून ठेवा, ते आत जातील. आणि अगं ए, त्या बादलीचा नाद सोड आता! आग तिकडे आहे!"

मग मात्र सगळे धावले. सुतारानं स्विच बंद केला, माणसांची रांग लागली, बादल्या खिडकीतून आत गेल्या. दहा मिनिटांत गोधडी काठीनं ओढून अंगणात आणली आणि तिच्यावर भाचीचा तो ओला पाला उलटा केला. इतका वेळ न पेटलेला पाला आग विझवायला एकदम उपयोगी पडला. बंब आला तोवर बंबवाल्यांना करायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी खोलीत पाहणी केली, जिन्यात पंखा लावून धूर काढायला घेतला आणि विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना कुणी काढलं?"

"त्यांनी आम्हाला काढलं," सुतार म्हणाला.

सगळं निवल्यावर कंट्रोलर नळाच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. फेरी बारा. सुटली दहा वाजता. पोचली... इथे त्यांचा हात थांबला. चौथा रकाना रिकामा होता, आणि त्याच्यावरचे रकाने भरलेले होते. ते बोट फिरवत वर वर गेले. उचकी. पत्र. गॅस. चष्मा. कंट्रोलर सरळ होते, पण खुळे नव्हते. त्यांनी मान वर केली.

"मावशी, जिना तोच. माणसं तीच. त्यात धूर. मग आज तीन मिनिटं, आणि एरवी नऊ-दहा?"

मावशींनी कुबड्या मांडीवर उगीच सरळ केल्या. चोरी पकडली गेली होती.

"मीच करत होते," त्या म्हणाल्या. "आग लागली तर माणसं धावत येतात हो. पण मला अंगणात येऊन बसायचंय, तेवढ्यासाठी चार माणसांनी मला तीन जिने उचला, असं कुणी कुणाला म्हणतं का? लाज वाटते मागायला. सराव होता म्हणून आले. म्हटलं, नापास होत राहू."

भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मावशी, मला तरी सांगायचं ना गं!"

"तुला सांगितलं असतं तर तू एकटीनं पाठुंगळी घेतलं असतंस. मग दोघी बसलो असतो खिडकीत."

पोस्टमन टॉवेलनं नाक पुसत होता, धुरामुळे असेल. खरं सांगायचं तर त्या अंगणातल्या प्रत्येकाला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. चार वर्षं आपण खालून जाता जाता "काय मावशी, बरं आहे ना?" विचारत राहिलो आणि 'येता का खाली?' हे एकदाही कुणाच्या तोंडून निघालं नाही.

कंट्रोलरांनी पेनाचं टोपण काढलं. चौतीस वर्षांत त्यांनी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'पास'. खाली सही केली. रजिस्टर मिटलं.

"ठरावाप्रमाणे सराव संपला," ते म्हणाले.

"संपला," मावशी म्हणाल्या. हसायचा प्रयत्न केला त्यांनी, पण नीट जमलं नाही. "चला रे बाबांनो, न्या वर."

चौघांनी दांडे धरले. खुर्ची उचलली, जिन्याकडे वळवली. कंट्रोलर एकदम उठून आडवे उभे राहिले.

"थांबा! हे काय चाललंय?"

"वर नेतोय."

"कुणाच्या परवानगीनं? उतरायचा सराव झाला. चढायचा कुठे झालाय? बारा फेऱ्या गेल्या, एकाही परतीची नोंद नाही. गाडी नुसती एकाच बाजूनं सोडणारा डेपो बघितलाय कुणी? आणीबाणी संपल्यावर माणसानं घरी जायचं नाही का?"

"पण कंट्रोलर," जावईबापू म्हणाले, "चढायचा सराव करायचा तर दर वेळी मावशींना आधी खाली आणावं लागणार."

"मग आणा! त्याला मी कुठे घड्याळ लावतोय?"

हे सगळ्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मावशींच्या मात्र ताबडतोब शिरलं. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, सरळ हसल्या.

"नाही!" मागून आवाज आला. सगळे वळले. नाही-काका ओल्या गोधडीशेजारी उभे होते, अंगावर एका बाहीचा सदरा. "रविवारी एकदाच, हे मला मान्य नाही. बुधवारीपण ठेवा." आणि इतकं बोलून ते घरात निघून गेले. तिथे त्यांना फार काम होतं.

"ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "मग आजची परतीची फेरी किती वाजता?"

"आज जिन्यात धूर आहे," कंट्रोलर गंभीरपणे म्हणाले. "बंबवाले हो म्हणेपर्यंत फेरी सुटणार नाही. संध्याकाळ होईल."

"संध्याकाळ!" मावशींनी फाटकाकडे बघितलं. त्यांची खिडकी अंगणावर होती; तिच्यातून रस्ता दिसत नसे. "मग तोवर मला जरा फाटकापर्यंत न्याल का? रस्ता बघितला नाही चार वर्षांत."

चौघांनी खुर्ची उचलली. शिट्टीची वाट कुणी बघितली नाही. फाटक आलं. फाटकाशी थांबायचं होतं, पण कुणी थांब म्हणालं नाही, मावशी तर नाहीच नाही. कंट्रोलर पुढे होऊन रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून दोन सायकली आणि एक टेम्पो थांबवला. खुर्ची रस्ता ओलांडून गेली. मागे भाची, तिच्या मागे बाळाला घेतलेली सून, तिच्या मागे दुसऱ्या एकाच्या हाती दांडा देऊन आलेला अनवाणी पैलवान. अशी ती वरात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचली. मावशी एकेक पाटी मोठ्यानं वाचत होत्या.

समोरून एक अनोळखी गृहस्थ येत होते. खुर्ची, कुबड्या, काजळीनं काळी झालेली माणसं हे बघून ते घाबरून थांबले.

"अहो, काय झालं? काही वाईट झालं का?"

"नाही हो!" मावशी दोन्ही हात पसरून म्हणाल्या. "आमच्याकडे आग लागली!"

त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की त्या बिचाऱ्या माणसाला दुसरं काही सुचेना. तो हात जोडून म्हणाला, "अभिनंदन!"